शेवटचे पान नसलेली संहिता

नाशिकचा गंगापूर रोड अशोक स्तंभापाशी सुरू होतो आणि गंगापूर गावाच्या दिशेने जातो. या एका रस्त्यावर केटीएचएम महाविद्यालयात साहित्याचे वर्ग भरतात, मराठा विद्या प्रसारक समाजाच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवले जाते आणि पुढे कुसुमाग्रज स्मारक लागते. समजा, त्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या तीन-चार मित्रांनी एखादा ऑनलाइन खेळ तयार करायचे ठरवले, तर त्याच्याशी साहित्याच्या वर्गाला काय देणेघेणे, असे कोणालाही वाटेल. पण ऑनलाइन खेळांच्या इतिहासातला एक महत्त्वाचा प्रवाह चित्रांपासून सुरू होत नाही. तो गद्य वाक्यांपासून सुरू होतो, आणि छोट्या चमूला त्यात ज्या अडचणी आल्या त्यांतल्या बऱ्याचशा साहित्याच्या अभ्यासकाला ओळखीच्या वाटाव्यात अशा आहेत.

१९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ नावाचा खेळ लिहायला घेतला. ‘मल्टि-युजर डन्जन’ या नावाचे ते लघुरूप. पडद्यावर एकही चित्र नव्हते. खेळाडूला आपण उभे आहोत त्या जागेचे वर्णन वाचायला मिळे, आणि तो दिशा किंवा कृती टंकित करून पुढे जाई. नवे होते ते इतकेच, की त्याच जागी त्याच क्षणी दुसरा हाडामांसाचा माणूस असू शके आणि त्याच्याशी बोलता येई. ट्रबशॉ यांचा सहाध्यायी रिचर्ड बार्टल या कामात सामील झाला. म्हणजे चमू अवघा दोघांचा. १९८० साली ट्रबशॉ विद्यापीठातून बाहेर पडले आणि पुढचा सारा भार बार्टल यांच्यावर आला.

दोघांतला एक गेल्यावरही हे काम बंद पडले नाही, याचे एक कारण त्याच्या रचनेत आहे. खेळ चालवणारी यंत्रणा आणि खेळातल्या जगाचे वर्णन या दोन गोष्टी ट्रबशॉ यांनी वेगळ्या ठेवल्या होत्या. जगाच्या वर्णनासाठी त्यांनी एक स्वतंत्र छोटी भाषाच तयार केली होती. त्यामुळे यंत्रणेला हात न लावता नवे दालन, नवी वस्तू, नवा धोका लिहिता येई. छोट्या चमूत प्रत्येकाच्या डोक्यात एकेक विभाग असतो. माणूस गेला की विभाग गेला. म्हणून आपण गेल्यानंतर दुसऱ्याला वाचता येईल असे लिहिणे ही तिथे सौजन्याची बाब नसते, त्यावर खेळाचे आयुष्य अवलंबून असते.

दुसरी अडचण यंत्राची. संगणक विद्यापीठाचा, त्यामुळे बाहेरच्या खेळाडूंना प्रवेश मिळे तो रात्री उशिरा, यंत्र मोकळे असताना. यंत्र स्वतःचे नाही, वेळ स्वतःची नाही आणि खेळणारे तर दारात उभे! पुढे यंत्रे भाड्याने मिळू लागली, पण अडचणीचे स्वरूप तेच राहिले. खेळ लोकप्रिय झाला नाही तर चमू बुडतो, आणि अचानक लोकप्रिय झाला तर सर्व्हर कोसळतो.

तिसरी अडचण वाचकाची, म्हणजे इथे खेळाडूची. कादंबरीचा वाचक अर्थ लावायला मोकळा असतो, परंतु त्याला पुढच्या वाचकाचे पान फाडता येत नाही. ऑनलाइन खेळात ते शक्य असते. वर्षानुवर्षांच्या निरीक्षणानंतर बार्टल यांनी १९९६ साली एक निबंध लिहिला आणि खेळाडूंचे चार प्रकार पाडले. काहींना संपत्ती आणि पातळी मिळवायची असते, काहींना जग धुंडाळायचे असते, काहींना गप्पा हव्या असतात आणि काहींना दुसऱ्याला त्रास देण्यातच गोडी वाटते. पत्त्यांतल्या चौकट, इस्पिक, बदाम आणि किल्वर यांची नावे त्यांनी या चौघांना दिली. एका प्रकाराची संख्या वाढली की दुसऱ्याची घटते, आणि हा तोल सांभाळणे हेच खेळ चालवणाऱ्याचे काम, असे त्यांचे प्रतिपादन होते. मराठीत वाचककेंद्री समीक्षेची चर्चा आपण बरीच केली. वाचक एकमेकांशी कसे वागतात याची जबाबदारी लेखकावर येऊन पडते, अशी वेळ मात्र तिथे आली नव्हती.

ही जबाबदारी किती वाढू शकते हे ‘रुनस्केप’च्या इतिहासात दिसते. अँड्र्यू गॉवर यांनी भाऊ पॉल यांच्या साथीने नॉटिंगहॅममध्ये, आईवडिलांच्या घरातून, जानेवारी २००१मध्ये हा खेळ सुरू केला. साध्या ब्राउझरमध्ये तो खेळता येई. खेळाडू वाढले, कंपनी उभी राहिली. आणि मग खेळातले सोने खऱ्या पैशांना विकणारे आले. त्यांना आळा घालण्यासाठी डिसेंबर २००७मध्ये खेळाडूंमधली मुक्त देवघेव बंद करण्यात आली. प्रामाणिक खेळाडूही त्यात भरडले गेले. २०११ साली ती पुन्हा सुरू करावी लागली. दोन भावांनी घरात लिहिलेल्या खेळाला अर्थव्यवस्था आली होती, आणि अर्थव्यवस्थेबरोबर पोलिसांचे कामही आले होते.

इथे नाशिककरांना दादासाहेब फाळके आठवल्यावाचून राहणार नाहीत. विम्याची पॉलिसी तारण ठेवून ते लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. फिल्मला छिद्रे पाडण्यापासून सगळ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंतची कामे सरस्वतीबाईंनी केली. त्यानंतर फाळके नाशिकला आले आणि इथे चित्रपट काढू लागले. घर, कारखाना आणि चमू एकच असण्याचे याहून ठळक उदाहरण आपल्याकडे नाही. तरीही एक फरक आहे. रिळे डब्यात भरली की चित्रपट पूर्ण होई. प्रेक्षकाने शिट्टी वाजवली म्हणून तारामतीचे प्रसंग बदलावे लागत नसत.

आजच्या महाराष्ट्रात हा फरक पुण्यात पाहता येतो. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहान कंपनीने ‘राजी’ हा खेळ २०२० साली आणला. लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावर संस्थापकांपैकी अविचल सिंग यांनी स्वतःची सदनिका विकून काम चालू ठेवले. फाळक्यांच्या पॉलिसीचीच ही आवृत्ती म्हणायची. पण राजी ही भावाला शोधायला निघालेल्या मुलीची, एकट्याने खेळायची कथा आहे. तिला शेवट आहे. त्याच शहरात ‘सुपरगेमिंग’ने ‘इंडस’ हा अनेकांनी एकत्र खेळायचा ऑनलाइन खेळ ऑक्टोबर २०२४मध्ये आणला, तो बराच मोठा चमू हाताशी असताना. इंडसमधला एक डाव काही मिनिटांत संपतो, परंतु खेळ संपत नाही. लहान चमूने ऑनलाइन खेळाला हात घालताना मोजायचा खर्च हा आहे. निर्मितीचा खर्च एकदा होतो. राखणीचा रोज होतो, आणि तो कधी थांबेल हे ठाऊक नसते.

आणि राखण थांबली की काय उरते? मराठीतली लघुनियतकालिकेही मूठभर मित्रांनी काढली आणि दमछाक झाल्यावर बंद केली. पण ‘शब्द’चे किंवा ‘असो’चे अंक कोणाच्या तरी कपाटात राहिले, म्हणून आज त्यांवर प्रबंध लिहिता येतो. सर्व्हर बंद झालेल्या खेळाचा अंक कपाटात राहत नाही. ‘मड’ १९८७मध्ये एसेक्समधून गेला, ‘ब्रिटिश लेजंड्स’ या नावाने अमेरिकन सेवेवर १९९९पर्यंत टिकला, आणि नंतर व्हिक्टर टॉथ यांनी त्याची संगणकसंहिता नव्याने लिहिली म्हणून पुन्हा खेळता आला. ‘रुनस्केप’चे २०१३ साली परत आणलेले जुने रूपही ऑगस्ट २००७ची एक प्रत जपून राहिली होती, एवढ्याच आधारावर उभे राहिले. ज्यांची अशी प्रत राहिली नाही त्यांचा इतिहास खेळणाऱ्यांच्या आठवणींतच आहे, आणि तो त्यांच्याबरोबर जाईल.

गंगापूर रोडवरच्या त्या तीन-चार मित्रांना म्हणूनच साहित्याच्या वर्गातला एक सोबती हवा. खेळातली वर्णने तो लिहील हे खरेच; पण खेळ कसा बदलत गेला, कोणत्या नियमावर खेळाडू चिडले, कोण केव्हा चमू सोडून गेले याची तारीखवार वही ठेवणे हे त्याचे मोठे काम असेल. ज्या संहितेला शेवटचे पान नाही, तिच्या मधल्या पानांची नोंद कोणीतरी करायला हवी.