जुने इंजिन, स्वस्त दुरुस्ती आणि सत्तेचाळीस माणसे

अपघात झाला की पहिला प्रश्न विचारला जातो : चूक कोणाची? हा प्रश्न ज्या दिशेने विचारला जातो, त्यावरच उत्तर ठरते. वरून खाली विचारला, तर तो हमखास सर्वात खालच्या पायरीवरच्या कामगारापाशी येऊन थांबतो. खालून वर विचारायला लागलो, की मात्र अनेकांची अडचण होते. कॅनडातल्या लाक-मेगांतिक या गावाचा इतिहास आम्हाला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेचे मेन राज्य आणि कॅनडाचा क्वेबेक प्रांत यांच्यामधला हा रेल्वेमार्ग बटाटा, लाकूड आणि कागद यांवर जगला. मेनमधली बँगोर अँड अरूस्टुक रेल्वे १८९१ साली स्थापन झाली. पुढे कागद गिरण्या एकेक करून बंद पडू लागल्या, माल घटला आणि २००२ साली या मार्गांची मालक कंपनी दिवाळखोरीत गेली. २००३ मध्ये 'रेल वर्ल्ड' या कंपनीने हे मार्ग विकत घेऊन माँट्रियल, मेन अँड अटलांटिक ही प्रादेशिक मालवाहतूक रेल्वे उभी केली. माल कमी, पैसा कमी. म्हणून मोठ्या रेल्वे कंपन्यांनी वापरून सोडलेली जनरल इलेक्ट्रिकची डिझेल इंजिने तिने चालवायला घेतली.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जुने इंजिन वापरणे हा गुन्हा नाही. डिझेल इंजिन नीट देखभाल केली तर कित्येक दशके काम देते. जगातल्या अनेक लहान रेल्वे अशाच इंजिनांवर चालतात. पण स्वस्तात घेतलेल्या इंजिनाची देखभाल स्वस्त नसते. खरेदीत वाचवलेला पैसा दुरुस्तीत घालावा लागतो. तो तिथेही वाचवायचा ठरवला, तर धोका नाहीसा होत नाही. तो फक्त कंपनीच्या वहीतून निघून रुळाशेजारी राहणाऱ्या माणसांच्या माथी जातो.

नेमके तेच झाले. ऑक्टोबर २०१२ मध्ये ५०१७ क्रमांकाचे इंजिन बिघडून दुरुस्तीला आले. रीतसर दुरुस्तीला वेळ आणि पैसा लागणार होता, आणि इंजिन तर लगेच कामाला हवे होते. मग एपॉक्सीसारख्या पदार्थाने काम भागवले गेले. त्या जागेला लागणारी ताकद त्या पदार्थात नव्हती. त्याच वर्षी नियामकाने, म्हणजे ट्रान्सपोर्ट कॅनडाने, या कंपनीला एका माणसाच्या भरवशावर गाडी चालवण्याची मुभा दिली. आणि याच सुमारास नॉर्थ डकोटाचे कच्चे तेल या रुळांवरून मोठ्या प्रमाणात जाऊ लागले.

५ जुलै २०१३ च्या रात्री ७२ टाक्या तेल घेऊन निघालेली गाडी नांत येथे उतारावर उभी करण्यात आली. पुढे तेच ५०१७ इंजिन होते आणि ते काळा-पांढरा धूर ओकत होते. चालकाने हे वर कळवले होते. धूर आपोआप कमी होईल असे मानून इंजिन तसेच चालू ठेवायचे ठरले. चालक विश्रांतीला गेल्यावर इंजिनाने पेट घेतला. अग्निशमन दलाने आग विझवताना इंजिन बंद केले. इंजिन बंद, म्हणून कॉम्प्रेसर बंद. ब्रेकमधली हवा हळूहळू गळत गेली. हातब्रेक फक्त ७ लावलेले होते. तपास यंत्रणेच्या हिशोबाने किमान १७ लागले असते. इंजिन बंद पडले की आपोआप ब्रेक लागावेत, अशी जोडणीही या इंजिनात केलेली नव्हती.

गाडी सुमारे ११ किलोमीटरचा उतार उतरली आणि ताशी सुमारे १०४ किलोमीटर वेगाने लाक-मेगांतिकच्या भर वस्तीत घसरली. ६ जुलैच्या पहाटे ४७ माणसे मेली. सुमारे ६० लाख लिटर तेल सांडले आणि गावाचे केंद्र जळून गेले.

कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१४ च्या अहवालात एक नव्हे, १८ कारणे आणि पूरक घटक नोंदवले. त्यात हातब्रेक होते, इंजिनाची दुरुस्ती होती, कंपनीची कमकुवत सुरक्षा संस्कृती होती आणि नियामकाची तोकडी देखरेखही होती. मग मनुष्यहानीच्या गुन्हेगारी निष्काळजीपणासाठी न्यायालयात ज्यूरीसमोर कोण उभे राहिले? चालक, नियंत्रक आणि स्थानिक व्यवस्थापक. जानेवारी २०१८ मध्ये ज्यूरीने तिघांनाही या आरोपातून निर्दोष सोडले. पुढे रेल्वे सुरक्षा कायद्याखाली तुलनेने हलक्या शिक्षा झाल्या. कंपनीवरचा मूळ आरोप मात्र चालवला गेलाच नाही. कंपनीने अपघातानंतर महिनाभरातच दिवाळखोरी जाहीर केली होती. तिचा विमा होता अवघ्या अडीच कोटी डॉलरचा. पीडितांसाठी उभारलेला निधी मात्र ४० कोटी डॉलरच्या वर गेला.

कोणी म्हणेल, चालकाने पुरेसे ब्रेक लावले असते तर? खरे आहे, गाडी थांबली असती. चूक होती, ती आम्ही नाकारत नाही. पण एका थकलेल्या माणसाच्या एका चुकीने गाव जळावे, इतकी पातळ सुरक्षा कोणी ठेवली? दुसरा माणूस कोणी काढला? तकलादू दुरुस्ती कोणी चालवून घेतली? हे निर्णय त्या रात्री झाले नव्हते. ते आधीच, शांतपणे, दिवसाउजेडी झाले होते.

जबाबदारीचीही एक उतरंड असते. नफा वर चढत जातो, दोष खाली उतरत येतो. आपले आप्त गमावलेल्या गावातल्या अनेकांनीच विचारले, की खरे जबाबदार लोक आरोपीच्या पिंजऱ्यात का नाहीत? सूड उगवणे सोपे असताना त्यांनी कामगाराच्या पलीकडे पाहिले. पुढच्या वेळी कुठल्याही अपघाताच्या बातमीत 'मानवी चूक' हे दोन शब्द वाचले, की आपणही विचारू या : कोणत्या मानवाची, आणि ती नेमकी कधी झाली?