शाळा आणि कामाच्या ठिकाणी कोरोना कसा रोखायचा? गिरगाव ते दादरच्या कुटुंबांसाठी

२०२५ च्या मे महिन्यात मुंबईत कोरोनाचे रुग्ण पुन्हा दिसू लागले आणि शाळा उघडायच्या वेळी पालकांचे तेच जुने प्रश्न आम्हा शिक्षकांकडे परत आले. मास्क लावायचा का? सर्दी झालेल्या मुलाला पाठवायचं का? वडिलांच्या कारखान्यात दोघे तापाने पडलेत, तर मुलीला वर्गात बसू द्याल का?

२०२० सारखी घाबरून जाण्याची वेळ आता नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. पण विषाणू गेलेला नाही. ज्या घरात शुगर, दमा किंवा किडनीचा आजार असलेली दादी-नानी आहे, त्या घरासाठी तो आजही साधी सर्दी नाही. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत. कापून ठेवण्यासारखी वाटली तर ठेवा, शेजारी वाचून दाखवा.

आधी एक आकडा पाहू. १ एप्रिल ते १५ जून २०२१ या काळात मुंबई महापालिकेने मुलांच्या रक्ताची पाहणी केली. शहरभरातून एक ते अठरा वर्षांच्या मुलांचे २,१७६ नमुने तपासले. त्यातल्या सुमारे ५१ टक्के मुलांमध्ये कोरोनाविरोधी अँटिबॉडी सापडल्या. म्हणजे निम्म्या मुलांचा विषाणूशी आधीच सामना झाला होता. आणि या सगळ्या काळात, मार्च २०२० पासून, मुंबईच्या शाळांना कुलूप होतं! आठवी ते बारावीचे वर्ग मुंबईत उघडले ते ४ ऑक्टोबर २०२१ रोजी आणि पहिली ते सातवीची मुलं वर्गात आली थेट १५ डिसेंबरला.

मग या मुलांना लागण कुठे झाली? वर्गात तर नक्कीच नाही. मोठी माणसं कामावर, बाजारात, दवाखान्यात जात होती आणि रात्री एकाच खोलीत सगळे झोपत होते. नायगाव, वरळी, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींमधली जुनी खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात सहा-सात माणसं. अशा खोलीत आजारी माणसाला वेगळं ठेवा, असं सांगणं सोपं आहे, पण ठेवायचं कुठे? जुलै २०२० मध्ये शहरातल्या तीन वॉर्डांत पाहणी झाली होती, त्यात माटुंग्याचा एफ-उत्तर वॉर्डही होता. वस्त्यांमध्ये ५७ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या, बाहेरच्या इमारतींमध्ये १६ टक्के. सामाईक संडास आणि दाटी, ही कारणं तेव्हाच सांगितली गेली.

म्हणून आमचं म्हणणं असं की शाळेची काळजी वेगळी आणि कामाची वेगळी, असं करून चालत नाही. अब्बांचा गाळा आणि मुलीचा वर्ग, दोन्ही घरातल्या खोलीने जोडलेले आहेत. गाळ्यात आजारी माणूस कामाला बसला तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो खोकला वर्गात पोहोचतो.

मुख्य गोष्ट हवा

सुरुवातीला आपण सगळ्यांनी भाजी धुतली, दाराच्या कड्या पुसल्या, नोटा उन्हात वाळवल्या. हात साबणाने वीस सेकंद धुणं आजही चांगलंच, त्याने पोटाचे आजारही टळतात. पण कोरोना मुख्यतः हवेतून पसरतो. आजारी माणूस बोलतो, खोकतो, मोठ्याने वाचतो तेव्हा निघणारे अतिसूक्ष्म कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात, अत्तराच्या वासासारखे. खोली जितकी बंद, माणसं जितकी जास्त आणि वेळ जितका मोठा, तितका धोका जास्त. शिवाय ताप यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो. त्यामुळे दारावरच्या तापमापक बंदुकीवर फार भरवसा ठेवू नये. अंगावर औषध फवारण्याचे बोगदे तर निव्वळ पैशाची नासाडी होती. एप्रिल २०२० मध्येच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तसं करू नका असं कळवलं होतं.

हवेचा धडा मुंबईला नवा नाही. १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचे रुग्ण सापडले आणि लाखो लोक शहर सोडून गेले. प्लेग पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा सर्वमान्य नव्हतं, पण दाट, अंधाऱ्या, कोंदट चाळींत माणूस लवकर मरतो हे सगळ्यांना दिसत होतं. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढण्यामागे समुद्राचा वारा दाट वस्तीत आत यावा हाही हेतू होता. गिरगावातून डोंगरीकडे जाणारा आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणजेच तो सँडहर्स्ट रोड. दादर-माटुंग्याच्या मोकळ्या वसाहतीही याच ट्रस्टच्या योजनेतल्या. एवढा खर्च करून शहरात आणलेला वारा आपण आता स्लायडिंग काचा लावून बाहेर ठेवतो.

वर्ग असो की गाळा, समोरासमोरच्या दोन बाजू उघड्या हव्यात. एकच खिडकी असेल तर दार उघडं ठेवा आणि खिडकीत एक्झॉस्ट पंखा हवा बाहेर फेकेल असा बसवा. सगळं बंद करून छताचा पंखा लावला तर तो तीच हवा फिरवत बसतो. स्प्लिट एसीचंही तेच: तो हवा थंड करतो, बदलत नाही. पावसाळ्यात खरी अडचण होते. झड आत येते, वह्या भिजतात, शिपाई येऊन सगळं लावून टाकतो. अशा वेळी पावसाच्या विरुद्ध बाजूच्या खिडक्या आणि वरची झरोक्याची झडप उघडी ठेवावी, भिजणारा बाक आत सरकवावा. दर तासाला पाच-दहा मिनिटं सगळं उघडलं तरी फरक पडतो.

कामाच्या ठिकाणी

लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारात आता काचेची ऑफिसं आहेत, तिथल्या खिडक्या उघडतच नाहीत. तिथे काम करणाऱ्यांनी व्यवस्थापनाला दोन प्रश्न विचारावेत: एसीतून बाहेरची ताजी हवा किती आत येते आणि फिल्टर शेवटचे कधी बदलले. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र बाजारात मिळतं. मोकळ्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम असतो. खोलीत हजाराच्या वर राहू लागला की हवा बदलत नाही असं समजावं.

मदनपुऱ्यातले बॅगांचे कारखाने, परळमधले शिलाईचे गाळे, गिरगावातली दागिन्यांची कामं यांची गोष्ट निराळी आहे. माणसं कामावरच जेवतात आणि काही ठिकाणी तिथेच झोपतात. तिथे जेवणाच्या सुट्ट्या दोन पाळ्यांत करा. मास्क काढून, समोरासमोर, गप्पा मारत असतात ती वेळ हीच. मशीनची तोंडं एकमेकांकडे नकोत, एका दिशेला ठेवा. (लालबागच्या मसाला गल्लीत तर सगळेच खोकतात, तिथे कोण आजारी हे ओळखणं कठीणच! पण ती दुकानं रस्त्याकडे उघडी आहेत, ही जमेची बाजू.)

हे सगळं केलं तरी एक गोष्ट राहिली तर उपयोग नाही. ती म्हणजे रजा. रोजंदारीवरचा माणूस ताप अंगावर काढून कामावर येतो कारण खाडा झाला की पैसा कापला जातो. त्याला बेजबाबदार म्हणणं आम्हाला पटत नाही. दिवसाचे पैसे बुडणार असतील तर कुणीही गोळी घेऊन येईल. एका कारागिराला चार दिवसांची मजुरी देणं परवडतं की दहा कारागीर एकदम पडणं परवडतं, हा हिशोब शेठने करावा. कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील आणि महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर ईएसआय योजना लागू होते. तिच्यात आजारपणात सरासरी रोजंदारीच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी हप्ते भरलेले हवेत आणि ईएसआयच्या डॉक्टरांचा दाखला हवा. परळला याच योजनेचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय आहे. पगाराच्या पावतीवर ही कपात दिसते का, ते आजच बघा. आजारी पडल्यावर कागद शोधायला वेळ नसतो. छोट्या गाळ्यांत ही सोय नाही. तिथे चार शेजारच्या मालकांनी मिळून आजारपणाचा फंड काढला तरी बरंच काम होईल.

शाळेत

शिक्षणहक्क कायदा पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक सांगतो. आमच्या भागातल्या कित्येक वर्गांत एका खोलीत साठ मुलं असतात. तिथे दोन बाकांत सहा फूट अंतर ठेवा असं सांगणारं परिपत्रक वाचून आम्ही फक्त हसू शकतो. जे जमतं ते असं: कविता म्हणणं, खेळ, परिपाठ जमेल तेवढं गच्चीवर किंवा पटांगणात घ्यावं, पोषण आहाराच्या पंगती वर्गाबाहेर व्हरांड्यात बसवाव्यात, पाण्याच्या नळाजवळ साबण कायम असावा. संध्याकाळच्या मकतबला आणि ट्यूशनला हेच नियम लावा. पोटमाळ्यावर पंधरा मुलं कोंबलेली ट्यूशन शाळेपेक्षा धोक्याची आहे.

आणि शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस बंद करावं. स्पष्टच सांगतो, या बक्षिसासाठी ताप असलेली मुलं पॅरासिटामॉल खाऊन शाळेत येतात आणि आई दप्तरात आणखी एक गोळी ठेवते. ताप असेल, घसा दुखत असेल, नवा खोकला सुरू झाला असेल तर मूल घरी ठेवा. गोळीशिवाय चोवीस तास ताप नसेल आणि तब्येत सुधारत असेल तर पाठवा. कोरोनाची चाचणी पॉझिटिव्ह आली असेल तर पुढचे पाच दिवस मास्क लावून. दहावी-बारावीच्या मुलांनी डॉक्टरांचा दाखला जपून ठेवावा, हजेरी कमी पडली तर तो लागतो. शिक्षकांनी आजारी मुलाचं नाव वर्गात घेऊ नये. “हिच्या घरी कोरोना आहे” एवढं वाक्य पसरलं की पुढच्या वेळी ते घर आजार लपवतं.

एक लक्षात असू द्या: पावसाळ्यात मुंबईत प्रत्येक ताप कोरोनाचा नसतो. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो हेही असतात आणि त्यांचा उपचार वेगळा आहे. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर रक्त तपासून घ्या. घरी करायची अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे कोरोना नाहीच, असंही नाही.

मास्क आणि लस

मास्क आता सक्तीचा नाही. राज्याने ती सक्ती २ एप्रिल २०२२ पासून उठवली. पण खोकला असताना लोकलमध्ये, दवाखान्यात आणि म्हाताऱ्या माणसाशेजारी तो लावावा. कापडी मास्कपेक्षा सर्जिकल बरा आणि सर्वांत चांगला एन-९५, तोही नाकावर घट्ट बसलेला.

लसीबद्दल अजूनही कुजबुज ऐकू येते. १८९७ मध्ये मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या कामाला आगाखान तिसऱ्यांनी जागा दिली, स्वतः लस घेतली आणि त्यांच्यामागे हजारो खोजा मुसलमानांनी ती घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच कामातून उभी राहिली. घरातल्या साठीपुढच्या आणि जुने आजार असलेल्या माणसांनी पुढचा डोस घ्यायचा का, हे व्हॉट्सअ‍ॅपला विचारू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा.

घरात कुणाला लागण झालीच तर त्याची पथारी खिडकीजवळ घाला, बाकीच्यांनी दाराच्या बाजूला झोपावं आणि मुलांना शक्य असेल तर काही रात्री नातेवाइकांकडे नेण्याऐवजी गॅलरीत किंवा गच्चीवर झोपवा, म्हणजे दुसरं घर वाचेल. श्वास लागला, ओठ निळे पडले, छातीत दुखलं, माणूस बरळू लागला किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर सकाळची वाट पाहू नका. परळला केईएम, मुंबई सेंट्रलला नायर आणि साने गुरुजी मार्गावर संसर्गजन्य आजारांचं कस्तुरबा, ही तीनही पालिकेची रुग्णालयं आपल्या भागातच आहेत. जाताना आधार कार्ड, चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी आणि आजाऱ्याला मास्क, एवढं सोबत घ्या.