सयामी जुळी : फौजदारी जबाबदारी व शिक्षा

जन्मतः शरीराने एकमेकांना जोडलेल्या जुळ्यांपैकी एकाने गुन्हा केला, तर दोष कोणाचा आणि शिक्षा भोगायची कोणी, हा फौजदारी कायद्यातील एक अवघड प्रश्न. अशी जुळी ढोबळमानाने ५०,००० ते १,००,००० जन्मांमागे एकदा आढळतात. त्यांतील बहुतेक जन्माआधी किंवा जन्मानंतर लवकरच दगावतात. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहण्याच्या वयापर्यंत पोचणारी फारच थोडी. भारतीय न्यायालयांत या प्रश्नावर थेट निवाडा झालेला नाही. त्यामुळे लगतच्या तरतुदी आणि तुरुंग-व्यवस्थेतील अनुभव यांवरूनच विचार करावा लागतो. या अनुभवांत आटपाडीजवळील स्वतंत्रपूर या कैद्यांच्या मुक्त वसाहतीचे स्थान महत्त्वाचे आहे.

दोघांना स्वतंत्र मेंदू व स्वतंत्र इच्छाशक्ती असल्यास कायद्याच्या लेखी व्यक्ती दोनच. अमृतसरच्या कमरेखाली जोडलेल्या भावांनी फेब्रुवारी २०२२ मधील पंजाब विधानसभेच्या निवडणुकीत दोन स्वतंत्र मते दिली. एकाचे मत दुसऱ्याला दिसू नये याची काळजी मतदान केंद्रावर घेण्यात आली. मत ज्याचे त्याचे असेल, तर गुन्हाही ज्याचा त्याचाच असला पाहिजे.

दोषनिश्चिती : येथे प्रचलित कायदा बराचसा पुरा पडतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३(५) नुसार (जुन्या दंडसंहितेचे कलम ३४) सामाईक उद्देशाने केलेल्या कृत्याला सारे सहभागी सारखेच जबाबदार असतात. बरेंद्रकुमार घोष खटल्यात (१९२५) आरोपीचा बचाव असा होता, की आपण टपाल कचेरीबाहेर नुसते उभे होतो, गोळी दुसऱ्यांनी झाडली. प्रिव्ही कौन्सिलने तो फेटाळला, कारण तो तेथे कटातला माणूस म्हणून उभा होता. महबूब शाह खटल्यात (१९४५) त्याच न्यायपीठाने एकसारखा उद्देश आणि सामाईक उद्देश यांत भेद केला. आधी मने जुळलेली असल्याखेरीज एकाचे कृत्य दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही. सयामी जुळ्यांना हाच भेद तारक ठरतो. गुन्ह्याच्या जागी हजर राहणे त्यांच्यापैकी एकाच्याही हाती नसते. म्हणून हजेरीवरून काहीच सिद्ध होत नाही. भावाने सुरी उचलली तेव्हा दुसऱ्याने ओरडून अडवले की स्वतःहून पाऊल पुढे टाकले, हे पुराव्यानेच ठरवावे लागेल.

पुरावा : दोघांचा डीएनए एकच, बोटांचे ठसे मात्र भिन्न. निर्दोष जुळा साक्षीदार होऊ शकतो. पती-पत्नींमधील बोलण्याला कायदा देतो ते संरक्षण भावंडांना नाही.

पूर्वीची उदाहरणे : सयाममध्ये जन्मलेले चँग व एंग (१८११–७४) यांचा १८३१ मध्ये अमेरिकेतील लिनफील्ड येथे लोकांशी तंटा झाला. त्यांच्याकडून शांतता राखण्याचा जामीन घेण्यात आला. आपल्याकडील चॅप्टर केसच्याच, म्हणजे पोलिसी प्रतिबंधक कारवाईच्याच, जातीचा हा उपाय. सतराव्या शतकातील जिनोआच्या कोलोरेडो जुळ्यांपैकी एकाने खून केला आणि जोडलेल्या भावामुळे तो फाशीतून वाचला, ही कथा वारंवार सांगितली जाते. ती दंतकथाच मानावी.

शिक्षा : खरी अडचण येथे आहे. दोषी जुळ्याला कैद दिली की निर्दोष जुळाही कोठडीत जातो, आणि त्याच्यापुरती ती कैद म्हणजे बेकायदा डांबून ठेवणे होय. राज्यघटनेचा अनुच्छेद २१ त्याचे स्वातंत्र्य राखतो. भावाविरुद्धच्या निकालाने ते हिरावता येत नाही. मृत्युदंडाचा तर विचारच नको. सिद्धदोष स्त्री गर्भवती असल्यास उच्च न्यायालयाने तिची फाशी जन्मठेपेत बदललीच पाहिजे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४५६ सांगते. देहाशी जोडलेला दुसरा जीव कायद्याने येथे आधीच जमेस धरला आहे. उरतात दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका (परिवीक्षा अधिनियम, १९५८) आणि किरकोळ गुन्ह्यांसाठी न्याय संहितेने आणलेली सामुदायिक सेवा. तीतही निर्दोष भावाचे तास खर्ची पडतात. गौतम नवलखा प्रकरणात (२०२१) सर्वोच्च न्यायालयाने योग्य प्रसंगी स्थानबद्धता घरीच ठेवता येईल असे म्हटले, पण ते तपासकाळातील कोठडीपुरते. शिक्षेबाबतचा विचार विधिमंडळावर सोडला. खुनासारख्या गुन्ह्याला यांतील एकही उपाय पुरत नाही.

निर्दोष माणसाने कैद्यासोबत राहण्याची व्यवस्था मात्र अपरिचित नाही. आर. डी. उपाध्याय खटल्यात (२००६) सर्वोच्च न्यायालयाने सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना कैदी आईजवळ राहू दिले आणि अशा मुलाला कैदी म्हणून वागवू नये असे बजावले. याहून पुढची पायरी सांगली जिल्ह्यात आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला. त्याच सुमारास पोलिश अभियंता मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने संस्थानच्या आटपाडी महालात स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी सांगलीत. खुनाची शिक्षा झालेला माणूस येथे बिनभिंतीच्या वस्तीत बायकामुलांसह राहतो आणि शेत कसतो. बायकोवर गुन्हा नाही, मुलांवर नाही. तरी तीही त्याच वस्तीत नांदतात. आटपाडी तालुक्यातल्याच माडगूळचे ग. दि. माडगूळकर यांची कथा आणि व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा चित्रपट यांमुळे हा प्रयोग देशभर पोचला. संस्थान विलीन झाले, वसाहत राज्याच्या तुरुंग विभागाकडे आली. दोषी सयामी जुळ्यासाठी एवढी माणुसकीची दुसरी जागा महाराष्ट्रात नाही. तरीही एक भेद नजरेआड करता येत नाही : कैद्याची बायको मनात आले की माहेरी जाऊ शकते, जुळा भाऊ जाऊ शकत नाही. म्हणून त्याची संमती आधी घ्यावी, ठराविक मुदतीने पुन्हा विचारावी, आणि ती त्याने मागे घेतल्यास शिक्षा तहकूब करावी. याहून कमी काहीही न्याय्य म्हणता येणार नाही.

विलगीकरण : शिक्षा देता यावी म्हणून शस्त्रक्रियेची सक्ती करता येत नाही. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने सप्टेंबर २००० मध्ये जोडलेल्या दोन बाळांपैकी दुबळ्या बाळाचा मृत्यू अटळ असतानाही विलगीकरणास परवानगी दिली, ती सबळ बाळाचा जीव वाचावा म्हणून. या निकालावर अजून मतभेद आहेत. भारतात अशी वेळ आल्यास न्याय संहितेचे कलम १९ (मोठी हानी टाळण्यासाठी सद्‍भावाने केलेले कृत्य) विचारात येईल. पाटण्याच्या सयामी बहिणींच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने शस्त्रक्रियेचा आदेश न देता कुटुंबाला दरमहा ५,००० रुपये देण्यास बिहार सरकारला सांगितले.