पांढरी पडलेली विंडो

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये विंडोज एक्सपी वापरलं असेल, तर हा खेळ तुम्हीही खेळला असाल. एखादा प्रोग्राम हँग झाला की त्याच्यावरून दुसरी छोटी विंडो माउसने फिरवायची. तिच्या प्रती मागे उमटत जायच्या, पत्ते पसरल्यासारख्या. सर ओरडेपर्यंत आम्ही नक्षी काढत बसायचो.

ती नक्षी का उमटायची, हे पुढे प्रोग्रामिंग करायला लागल्यावर कळलं. तेव्हाच्या विंडोला आपलं स्वतःचं चित्र लक्षात नसायचं. वरची विंडो बाजूला झाली की सिस्टीम खालच्या प्रोग्रामला सांगायची, ‘तुझा एवढा तुकडा उघडा पडलाय, परत रंगव.’ प्रोग्रामच अडकलेला असेल तर रंगवणार कोण?

एकावर एक विंडो ठेवायची कल्पना सत्तरच्या दशकातली, झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या पार्क प्रयोगशाळेतली. १९७९ मध्ये ॲपलची मंडळी ती पाहायला गेली. त्यांच्यातल्या बिल ॲटकिन्सनला वाटलं, मागची अर्धवट झाकलेली विंडोसुद्धा इथे आपोआप रंगवली जातेय. प्रत्यक्षात तसं काही नव्हतं. पण ‘यांना जमलंय, म्हणजे जमतं’ या समजुतीत त्याने ते खरोखर जमवलं आणि पुढे ते १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये आलं. (गैरसमजातून एवढं चांगलं काम झालेलं मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.) मायक्रोसॉफ्टने १९८५ च्या विंडोज १.० मध्ये प्रश्नच टाळला होता. तिथे विंडो फरशांसारख्या शेजारी शेजारी बसायच्या, एकमेकींवर चढायच्या नाहीत.

खरी पंचाईत नेटवर्कमुळे झाली. नेटवर्कवरून डेटा घ्यायची ‘सॉकेट’ ही पद्धत १९८३ च्या बर्कली युनिक्समधून आली. त्यात ‘रिसीव्ह’ म्हटलं की डेटा येईपर्यंत प्रोग्राम जागच्या जागी थांबतो. युनिक्सवर चालून जायचं, कारण बाकीचे प्रोग्राम आपापलं काम करत राहायचे. विंडोज ३.१ चा कारभार मात्र गावातल्या एकाच नळासारखा होता. पुढचा स्वतःहून बाजूला झाला तरच मागच्याचा नंबर. एकाने डेटाची वाट पाहत ठाण मांडलं, की सगळ्यांचीच स्क्रीन गोठणार.

जानेवारी १९९३ मध्ये आलेल्या विनसॉक १.१ ने यावर काढलेला तोडगा मला अजूनही आवडतो. वाट पाहायचीच नाही. डेटा आला की सिस्टीम विंडोला मेसेज टाकणार, माउसच्या क्लिकचा मेसेज येतो तसाच. क्लिक, कीबोर्ड, ‘डेटा आलाय’, सगळे एकाच रांगेत. ‘परत रंगव’ हा मेसेज तेवढा सगळ्यात शेवटी, रांग रिकामी झाल्यावर मिळायचा. म्हणून डेटाचा ओघ जास्त असेल आणि प्रत्येक मेसेजला प्रोग्राम वेळ लावत असेल, तर विंडो समोर आली तरी तिच्यात पांढरे तुकडे दिसायचे.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने भारतात सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि नऊ दिवसांनी अमेरिकेत विंडोज ९५ आलं. घरगुती विंडोजवर आता एकाच प्रोग्रामला अनेक थ्रेड चालवता येऊ लागले. एक थ्रेड स्क्रीन सांभाळेल, दुसरा नेटवर्कवर वाट पाहील. पुढे मॅक ओएस एक्सने २००१ मध्ये आणि विंडोज व्हिस्टाने २००७ मध्ये प्रत्येक विंडोचं चित्र मेमरीत वेगळं जपायला सुरुवात केली. नक्षीचा खेळ संपला.

मी नोकरीला लागलो तेव्हा हे सगळं आयतं मिळालं होतं. पहिलं मोठं काम एका शीतगृहासाठी होतं. प्रत्येक खोलीला एक विंडो, आत नेटवर्कवरून येणारं तापमान. नेटवर्कचा थ्रेड वेगळा, रंगवणारा वेगळा, अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. विंडो बदलायला क्षणही लागायचा नाही. डेमोला सगळे खूश.

तीन आठवड्यांनी ऑपरेटरचा फोन आला. “साहेब, स्क्रीन म्हणतेय एक डिग्री, आणि आत तर स्वेटर काढावा लागला.”

खोलीकडची केबल निघाली होती. टीसीपीमध्ये समोरचा गप्प झाला, म्हणजे तो गेला की त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, हे कळायला मार्ग नसतो. समोरचा जिवंत आहे का, हे तपासायची सोय आहे, ‘कीपअलाइव्ह’ नावाची. पण १९८९ च्या नियमांनुसार ती मुळात बंद ठेवायची, आणि चालू केली तरी ठरावीक वेळ दोन तासांपेक्षा कमी नको. मी ती चालूच केली नव्हती. माझा नेटवर्कचा थ्रेड रात्रभर वाट पाहत बसला आणि रंगवणारा थ्रेड दर वेळी तोच जुना एक डिग्रीचा आकडा इमानदारीने रंगवत राहिला. १९९३ च्या पद्धतीने लिहिला असता तरी हेच झालं असतं. सगळ्यात बाळबोध पद्धतीने, एकाच थ्रेडमध्ये, लिहिला असता तर मात्र विंडो गोठली असती आणि ऑपरेटरने रात्रीच आरडाओरडा केला असता.

आत द्राक्षं होती. किती वाचली ते मला कुणी सांगितलं नाही आणि विचारायचा धीर मला झाला नाही.

आता दहा सेकंदांत नवीन आकडा आला नाही, तर माझा प्रोग्राम जुना पुसतो आणि ती जागा पांढरी सोडतो. तिथलं नेटवर्क यथातथाच आहे. स्क्रीन सारखी पांढरी पडते, अशी ऑपरेटरची महिन्यातून एकदा तरी तक्रार येते.