जव्हारच्या राज्याचें परराजकारण

उत्तर कोंकणचा इतिहास म्हटला म्हणजे वसई, माहीम, तारापूर या किनाऱ्यावरील ठाण्यांकडेच संशोधकांचें लक्ष जातें. परंतु पालघर व बोईसर यांच्या पूर्वेस, अशेरीच्याही पलीकडे, डोंगराळ मुलखांत मुकणे घराण्यांतील कोळी राजांचें जव्हारचें राज्य सहा शतकें टिकलें. त्याची हकीकत बहुधा शेजाऱ्यांच्याच कागदांतून डोकावते. आणि शेजारी त्यास कधीं लुटारू म्हणतात, कधीं मांडलिक. आमचें म्हणणें असें कीं, या राज्यास स्वतःचें राजकारण होतें, आणि तें ओळखल्यावांचून १७३९ च्या वसई मोहिमेचें एक फळ आपल्या ध्यानांत येत नाहीं.

मूळ पुरुषानें बैलाच्या कातड्याइतकी जमीन मागून घेतली व कातड्याच्या वाद्या काढून मोठा मुलूख वेढला, ही दंतकथा प्रसिद्ध आहे. हीच कथा कार्थेजच्या राणीचीही सांगतात. म्हणून ती इतिहासांत धरतां येत नाहीं. नेमशहास दिल्लीच्या सुलतानानें राजपद दिलें, तो दिवस ५ जून १३४३. त्याच्याकडे २२ किल्ले व ९ लाखांचा मुलूख होता, असें १८८२ चें ठाणें गॅझेटियर नमूद करतें. आंकडे फुगलेले असोत. यांतील धोरण मात्र विचार करण्याजोगें आहे. मान्यता घेतली ती दूरच्या सत्तेची. दिल्लीचा शिक्का जवळच्या शत्रूस दाखवितां येई. दिल्लीची फौज मात्र या जंगलांत रोज येणारी नव्हती.

पुढें सोळाव्या शतकांत किनारा पोर्तुगीजांच्या हातीं गेला. त्यांची तोफ व गलबत समुद्रावर समर्थ. घाटाखालच्या रानांत त्यांचा पाय टिकत नसे. या दुबळेपणाचें मोल जव्हारच्या उत्तरेकडील रामनगरच्या राजानें उघडपणें वसूल केलें. दमण परगण्यांतील गांवांकडून त्यास चौथ मिळे, व म्हणून पोर्तुगीज त्यास ‘चौथिया’ म्हणत. मोठ्या सत्तेनें लहान राजास पैसा देऊन आपल्या रयतेची शांतता विकत घ्यावी, हा व्यवहार ‘मांडलिक’ या शब्दांत बसत नाहीं.

शिवाजी महाराज जानेवारी १६६४ त सुरतेवर गेले. त्या प्रसंगीं विक्रमशहानें त्यांस भेटून शिरपेच अर्पण केला व त्यावरून शिरपामाळ हें स्थळनाम पडलें, अशी स्थानिक परंपरा आहे. परंतु जून १६७२ त मोरोपंत पिंगळ्यांनीं जव्हार घेतलें; १७ लाखांचा खजिना हातीं लागला असें सर जदुनाथ सरकार लिहितात. विक्रमशहा मोंगली अंमलांतील नाशिकेकडे निघून गेला. मागोमाग रामनगर पडलें, आणि तेथील राजाच्या चौथीचा हक्क महाराजांनीं पोर्तुगीजांपाशीं मागितला.

विक्रमशहास यावरून स्वराज्याचा वैरी ठरविणें सोपें आहे. आम्हांस तें न्याय्य वाटत नाहीं. सुरतेची वाट जव्हार-रामनगरांतून जात होती. जो त्या वाटेचा धनी, त्यास उभयपक्षीं मैत्री राखतां येईना. १६६४ ची भेट व १६७२ चें पलायन हीं एकाच धोरणाचीं दोन टोंकें होत.

तरीही राज्य नाहींसें झालें नाहीं. मोंगल, मराठे व पोर्तुगीज हे एकमेकांस तोलून असेपर्यंत जव्हारास जागा उरत असे. जानेवारी १७३९ त तारापूर पडलें. बाजी भीवराव रेठरेकर तेथें कामास आले. मे महिन्यांत वसई चिमाजी अप्पांच्या स्वाधीन झाली. महाराष्ट्रानें या विजयाचा अभिमान धरावा तो योग्यच. परंतु जव्हारच्या माळावरून पाहतां त्या दिवशीं तराजूचें एक पारडेंच तुटलें. १७५८ ते १७६६ च्या दरम्यान पेशव्यांच्या अधिकाऱ्यांनीं राज्याचा मोठा भाग घेतला. १७८२ त राजाकडे उरलेला मुलूख सालीना १५ ते २० हजारांचा, व त्यावर १,००० रुपये खंडणी. पोर्तुगीजांनीं जें केलें नाहीं तें पोर्तुगीज गेल्यावर घडलें. इंग्रजी अमलांत ३१० चौरस मैलांचें संस्थान राहिलें खरें. परराजकारण मात्र राहिलें नाहीं. १९४८ त तें मुंबई प्रांतांत विलीन झालें.

शेवटीं संग्राहकांस एक सूचना. ५ जून १३४३ पासूनचा सन जव्हारच्या सरकारी कागदांत एकोणिसाव्या शतकांतही चालू होता. या भागांतील एखाद्या मोडी कागदावर पांचशेंच्या घरांतील वर्षांक आढळल्यास तो लेखकाचा प्रमाद समजून बाजूस सारूं नये. त्यांत १३४२ किंवा १३४३ मिळवून पाहावें. जव्हारच्या तोंडून जव्हारची हकीकत ऐकण्याची वाट अशाच कागदांतून निघेल.