नुसता लाजाळू आहे हो!

गांधीजी १८९१ साली बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतले आणि मुंबईत वकिली करू लागले. स्मॉल कॉज कोर्टातला पहिलाच दावा. अशील मामीबाई, फी तीस रुपये. उलटतपासणीला उभे राहिले आणि डोकं गरगरायला लागलं, एक प्रश्न सुचेना. खाली बसले, फी परत केली आणि दावा पटेल नावाच्या वकिलाकडे द्या म्हणाले. आत्मकथेत त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवलं आहे.

आमच्या घरात हा किस्सा फार वेळा सांगितला गेला, आणि नेहमी एकाच माणसाला, माझ्या भाच्याला. "बघ, गांधीजीसुद्धा तुझ्यासारखेच होते!" किस्स्याचा पुढचा भाग मात्र कुणी सांगत नसे. गांधीजींचा मुंबईत जम बसला नाही. राजकोटला जाऊन अर्ज लिहून देण्याचं काम करावं लागलं आणि १८९३ साली आफ्रिकेला जावं लागलं. सगळ्यांनाच आफ्रिका सापडते असं नाही.

भाच्याला विचारूनच लिहितो आहे. नाव लिहायचं नाही ही त्याची अट. लातूरचा मुलगा, बी.कॉम., हिशेबात एकदम पक्का. पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की हात थरथरायचे, घाम फुटायचा, आवाज बसायचा. बँकेची लेखी परीक्षा दोनदा पास झाला. पहिल्या मुलाखतीला गेलाच नाही, दुसऱ्या वेळी दारापर्यंत जाऊन परत आला. शेवटी १९८७ साली ताईने त्याला माझ्याकडे नांदेडला पाठवलं, एखाद्या डॉक्टरला दाखव म्हणून.

दाखवलं. तपासायच्या खोलीतच बाकावर चार-पाच पेशंट बसलेले. "काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं. लेकराच्या तोंडून शब्द फुटेना, कान लाल झाले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, ब्लडप्रेशर पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, काही झालेलं नाही याला. नुसता लाजाळू आहे हो! लग्न लावून द्या, आपोआप तोंड उघडेल." बाकावरचे हसले. टॉनिकची बाटली घेऊन आम्ही बाहेर पडलो. रस्त्यावर तो एवढंच म्हणाला, "मामा, आता परत कुणाकडे नेऊ नका."

त्यानंतर सतरा वर्षं तो कुठल्याच डॉक्टरकडे या कारणासाठी गेला नाही.

आता प्रश्न असा, की दोष कुणाचा? डॉक्टर वाईट नव्हते. ताप-खोकल्याला हाताला गुण होता. आणि त्या काळी या त्रासाला नावसुद्धा नवंच होतं. फ्रान्समध्ये पिएर जाने यांनी १९०३ साली अशा भीतीबद्दल लिहिलं होतं. लंडनच्या मार्क्स आणि गेल्डर यांनी १९६६ साली तिला इतर भीतींपासून वेगळं काढलं. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत 'सोशल फोबिया' हे नाव आलं ते १९८० साली. १९८५ मध्येसुद्धा लिबोविट्झ नावाचे डॉक्टर तिकडे लिहीत होते, की या आजाराकडे दुर्लक्ष होतंय. आमच्या डॉक्टरांचं शिक्षण त्याच्या कितीतरी आधीचं. सरकारची मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. चारही मराठवाड्याबाहेर. नांदेडला मेडिकल कॉलेज झालं १९८८ मध्ये, लातूरला सरकारी कॉलेज २००२ मध्ये.

तरीपण काळाचं कारण मला अर्धंच पटतं. जपानचं उदाहरण घ्या. भिडस्तपणा हा तिकडेही चांगल्या वळणाचाच भाग समजतात. पण मोरिता शोमा या डॉक्टरांनी १९२० च्या आसपासच अशा माणसांवर उपचार सुरू केले. माणसांसमोर जाण्याच्या या भीतीला तिकडे 'ताइजिन क्योफुशो' म्हणतात. मोरितांना तरुणपणी स्वतःलाच धडधड आणि भीतीचा त्रास होता. पुस्तकात नाव नसलं तरी समोरच्याचं ऐकून घेता येतं, एवढाच याचा अर्थ.

आमच्याकडे मनाच्या दुखण्याला थोडाफार मान मिळाला तो किल्लारीनंतर. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट कोण विसरेल! भूकंपाचा मराठवाड्यातल्या लोकांच्या मनावर काय परिणाम झाला याचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९४ ते १९९९ या काळात करवला. त्याचे प्रमुख होते डॉ. मोहन आगाशे, हो, तेच, 'घाशीराम कोतवाल'मधले नाना. लातूरचे आमचे नातेवाईक कित्येक महिने अंगणात झोपत होते. त्यांना कुणी भित्रे म्हटलं नाही. छत पडतं हे सगळ्यांनी पाहिलं होतं. भाच्यावर काय कोसळत होतं ते मात्र कुणाला दिसत नव्हतं.

पुढे २००४ मध्ये एका मित्राने त्याला पुण्याच्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्याला बोलता येईना हे पाहून त्यांनी दार लावून घेतलं, कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "लिहून द्या, घाई नाही." त्याने चार पानं लिहिली. मग गोळ्या आणि थोडा थोडा सराव. आधी स्टँडवर अनोळखी माणसाला वेळ विचारायची, मग कंडक्टरकडे राहिलेले सुटे पैसे मागायचे, मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन वाक्यं बोलायची. आज तो बराच बरा आहे. लग्नकार्यात वाढायला पुढे असतो, जेवायला मात्र अजूनही शेवटच्या पंगतीला बसतो.

मंडळी, सांगायचं ते इतकंच. पाय मोडलेल्या माणसाला आपण दवाखान्यात चालत ये म्हणत नाही. पण ज्याला अनोळखी माणसाशी बोलण्याचीच धास्ती, त्याला उपचारासाठी आधी अनोळखी माणसाशीच बोलावं लागतं. तो दवाखान्याच्या दारात पोचला म्हणजे त्याने सगळ्यात अवघड काम केलेलं असतं. तिथे त्याचं हसं झालं, की पुन्हा तिथवर यायला वर्षं लागतात.

२०२२ च्या ऑक्टोबरपासून सरकारची 'टेलि-मानस' ही फोनसेवा आहे, १४४१६ या नंबरावर. चांगलीच सोय आहे. पण अशा माणसाला फोन करणंही जड जातं, तेव्हा पहिला फोन घरच्यांनी लावून द्यावा. आणि डॉक्टरांकडे सोबत जाणाऱ्याने आधी खोलीतली गर्दी बाहेर पाठवायला सांगावं, आणि खिशात एक कोरा कागद ठेवावा.