चार्ज, बॅटरी आणि फुरसत

गॅरेजमधला मेकॅनिक ‘बॅटरी उतरली’ म्हणतो ते किती नेमकं आहे, हे ‘चार्ज’ या शब्दाचं कूळ पाहिलं की कळतं. लॅटिनमध्ये ‘कॅरस’ म्हणजे चाकांची गाडी. त्यावरून गाडीत माल भरण्याचं क्रियापद झालं आणि फ्रेंचमधून ते इंग्रजीत ‘चार्ज’ होऊन आलं. ‘कार’ आणि ‘कार्गो’ ही त्याचीच भावंडं. चार्ज करणं म्हणजे मुळात माल लादणं, डिस्चार्ज म्हणजे तो उतरवणं. आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या ‘प्रभार’ शब्दातही भार आहेच. ‘भारनियमना’तला भार मात्र वेगळा, तो वीज ओढणाऱ्या उपकरणांचा.

‘बॅटरी’ आली ठोकण्यातून, मारण्यातून. फ्रेंचांनी भडिमार करणाऱ्या तोफांच्या रांगेला हे नाव दिलं. बेंजामिन फ्रँकलिननं शिशाचे पत्रे लावलेल्या 11 काचा एकमेकींना जोडल्या, आणि 1749 साली लंडनच्या पीटर कॉलिन्सनला लिहिलेल्या पत्रात त्या जोडणीला ‘इलेक्ट्रिकल बॅटरी’ म्हटलं. एकटी तोफ म्हणजे तोफखाना नव्हे, तसाच एकटा घट म्हणजे बॅटरी नव्हे. आपल्या बोलीत हा भेद सहज आला आहे: टॉर्चच्या आत घालतो ते ‘सेल’, आणि हातातली अख्खी वस्तू ‘बॅटरी’. तिच्यासाठी ‘विजेरी’ हा फार देखणा शब्द आहे. तो अजून वापरायला हवा.

ब्रिटनमधल्या मोटरहोममध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, बॅटऱ्यांची दोन घराणी नांदतात. इंजिनाची बॅटरी पातळ पत्र्यांची. ती क्षणभर शेकडो अँपिअर देते आणि मोकळी होते. राहत्या भागातली जाड पत्र्यांची. दिवे, पंप, फ्रिज यांना ती तासन्‌तास थोडंथोडं पुरवते. दोन्ही वेगळ्या ठेवतात, म्हणजे रात्रभर दिवे जळले तरी सकाळी इंजिन सुरू होतं. अमेरिकेत दुसरीला ‘हाऊस बॅटरी’ म्हणतात, ब्रिटनमध्ये ‘लेझर बॅटरी’, म्हणजे फुरसतीची.

या ‘लेझर’चं मूळ लॅटिन ‘लिसेरे’, म्हणजे मुभा असणं. शिशाच्या बॅटरीला हे नाव अगदी शोभतं. 100 अँपिअर-तासांची 12 व्होल्टची बॅटरी कागदावर 1200 वॉट-तास देते, पण ती निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली तर तिचं आयुष्य घटतं. म्हणून हाती उरतात 600. इन्व्हर्टरवर 1500 वॉटची किटली लावली की बॅटरीतून सव्वाशे अँपिअरहून जास्त ओढले जातात आणि 10 मिनिटांत 250 वॉट-तास संपतात. चहाच्या एका फेरीला हा खर्च फार. भरलेली बॅटरी विश्रांतीत साधारण 12.7 व्होल्ट दाखवते. ती 12.2 च्या आसपास आली की थांबावं.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीला हीच मुभा 80 टक्के किंवा त्याहून जास्त मिळते. फक्त शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, आणि स्कॉटलंडच्या हिवाळ्यात गाडी घेऊन निघणाऱ्याला हे आधी माहीत हवं.